माळावर कमी पडलेलं ऊन

जळकोट, ता. तुळजापूर, जि. धाराशिव
२१ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
राजशेखरचा शरणु शरणार्थी.

इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी खुशाली परवा फोनवर कळलीच, तरी पत्राची रीत म्हणून विचारतो, बरी आहेस ना? पाकिटावर माझं अक्षर बघून आधी घाबरशील आणि मग हसशील. ज्या भावाला मोबाइलवर दोन ओळी लिहायचा कंटाळा, तो वहीची पानं फाडून बसलाय. पण फोनवर मला तुझ्याशी नीट बोलता येत नाही. तू ‘हं, पुढं?’ म्हणतेस आणि माझं पुढचं सगळं पळून जातं.

परवा अवसेला येळवस झाली. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली, आत पांडवांचे पाच दगड मांडले. शिवप्रियानं भज्जी आणि आंबील एवढी केली होती की अर्धं जळकोट जेवलं असतं. तुझी भावजय हाताची सढळ आहे, त्यात काही बदल नाही. जाफरभाई घरच्यांना घेऊन आले होते. आंबिलीचे तीन लोटके रिचवून लिंबाखाली आडवे झाले. शंकरप्पा काकाही आले. अप्पांच्या पाठचा हा एकच भाऊ उरलाय आणि तोही गुडघ्यानं बेजार. खंडोबा सध्या अणदूरहून नळदुर्गला मुक्कामाला आहे, दर्शनाला तिकडं जायचा त्यांचा बेत होता, पण पायऱ्या झेपणार नाहीत म्हणून आमच्यात थांबले.

जेवणं झाल्यावर सगळे माळावर तुझं यंत्र बघायला गेले. दोन वर्षं झाली बसवून, तरी पाहुण्यांना त्याचं अप्रूप आहेच. जाफरभाईंनी वेल्डिंग केलेला छातीएवढा खांब, त्यावर अर्ध्या मोसंबीएवढा काचेचा घुमट. तो दिवसभर आभाळाकडं बघतो आणि माळावर किती ऊन पडलं ते दर मिनिटाला तुझ्याकडं पाठवतो, असं मी त्यांना सांगितलं. आणि तुमचा उपग्रह वरून खाली बघतो, पृथ्वीनं किती ऊन घेतलं आणि किती परत सोडलं ते मोजतो, हेही सांगितलं.

काकांनी विचारलं, “वरून म्हंजी कुठून? हवेची कड कुठं असती रं?”

मी तू शिकवलेलं सांगितलं, की कड अशी नसतेच, हवा विरळ होत होत संपते. पण मोजायचं तर कुठंतरी रेघ धरावी लागते, म्हणून वीस किलोमीटरवर एक रेघ मानतात.

“म्हंजी दगुड न्हाय, खूण न्हाय, तरी बांध हाय म्हनायचं,” काका म्हणाले. “अन तिथं तुमची भांडनं होत न्हाईत व्हय?”

सगळे हसले. मला तू आठवलीस. तू असतीस तर काकांना तासभर समजावून सांगितलं असतंस आणि त्यांनीही ऐकून घेतलं असतं.

परवा फोनवर तू जे सांगितलंस ते मात्र मी कुणाला बोललो नाही. पहिल्या वर्षापेक्षा या वर्षी आपल्या माळावर चार टक्के ऊन कमी पडलं. वरच्या रेघेवर मात्र येणारं तेवढंच आहे आणि परत जाणारंही तेवढंच. मग मधलं ऊन कुठं गेलं? तर हवेतल्या काळ्या धुरानं शोषून घेतलं. आणि धूर कुठला, तर शेतकरी उसाचं पाचट जाळतात त्याचा. तू म्हणालीस, ‘राजू, तुझ्या एका काचेनं एवढं दाखवलं.’ मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. तू म्हणालीस, ‘एवढंच?’

अक्का, ते पंधरा जानेवारीच्या भाषणात सगळ्यांसमोर मांडायलाच हवं का? अजून एक वर्ष बघितलं तर? यंत्रात काही बिघाड असेल. तू हुशार आहेस, मी जळक्या मोटारींच्या तारा गुंडाळणारा माणूस, पण बिघडलेलं यंत्र मलाही कळतं. ढोकीकडच्या ऊसवाल्यांनी पाचट जाळलं हे खरं, पण ते काय याच वर्षी जाळलं का? तुझ्या बोलण्यावरून उद्या एखादा कायदा झाला तर त्यांना तोंड दाखवायचं मला आहे. एवढा विचार कर.

अव्वा ठीक आहे. थंडीनं जरा गप्प असते. तू व्हिडिओ कॉल लाव म्हणालीस, पण आमच्याकडं हल्ली रेंजचं काही खरं नाही.

तुझा भाऊ,
राजशेखर

---

जळकोट
२८ डिसेंबर २०२५

ती. अक्कास शरणु.

रेंजचं सगळं ठीक आहे. टॉवर माझ्या दुकानाच्या मागंच उभा आहे, खिडकी उघडली की दिसतो. गेल्या पत्रातलं ते वाक्य खोटं होतं आणि त्याच्या आधीचं, अव्वा ठीक आहे हे, त्याहून मोठं खोटं होतं.

पत्र मिळाल्यावर तू फोन केलास. यंत्र इथून तपासलंय, आत काही बिघाड नाही, तारीख हलणार नाही, म्हणालीस. आवाजात राग होता. त्या वेळीही मी खरं सांगितलं नाही. दुकानात जाफरभाई बसले होते, त्यांना सगळं ठाऊक आहे. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, “राजू, बहन तोंडावर पडंल तुझी. तिला कुनी हसलं तर ते पाप तुझ्या डोक्यावर. आज लिही.” आज लिहितोय.

यंत्राच्या नोंदवहीत ‘काच साफ आहे का’ या रकान्यात मी वर्षभर रोज ‘हो’ लिहिलं. रोज सकाळी सात वाजता मी माळावर जातो, मऊ फडक्यानं घुमट पुसतो, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आहे का बघतो आणि ‘हो’ लिहून सही करतो. इथवर सगळं खरं आहे. आठच्या सुमाराला अव्वा तिथं जाते आणि घुमटाला विभूती लावते. तीन बोटांनी, आडवी, आपण लिंगाला लावतो तशी. ती काचेवर दिवसभर राहते. दुसऱ्या दिवशी सातला मी पुसतो, आठला ती लावते. वर्ष झालं असं चाललंय. तुझं चार टक्के ऊन हवेत कुठं गेलेलं नाही, ते अव्वाच्या विभूतीखाली अडलंय.

मागच्या येळवसेला सुरुवात झाली. पांडवांची पूजा झाली, सगळे जेवायला बसले आणि अव्वा ताट सोडून उठली. बघतो तर ती माळावर घुमटासमोर उभी. आधी विभूती लावली, मग आंबील शिंपडली, मग हात जोडले. घुमट दिसतोच तसा, मला हसू आलं. म्हणालो, “अव्वा, हा देव न्हाय, अक्काचं यंत्र हाय.”

ती म्हणाली, “म्हाईत हाय मला. तितनं माझी शिवा बघती. पोरीचं कपाळ मोकळं दिसू नये.”

तूच, तिच्या शिवानं, तिला कधीतरी फोनवर सांगितलं होतंस, की अव्वा, तुझ्या माळावर एक डोळा बसवलाय, त्यातून मला तुझं ऊन दिसतं. त्या वेळी ती नुसती ‘व्हय का’ म्हणाली होती. तुझी परीक्षा असायची तेव्हा ती उंबऱ्यात थांबून तुझ्या कपाळाला विभूती लावायची आणि मला म्हणायची, तुला नको, तू नापासच होनार हाईस. ते तुझं कपाळ तिला त्या काचेत दिसतं. मी पहिले चार दिवस तिच्यामागं जाऊन पुसून टाकत होतो. पाचव्या दिवशी तिनं बघितलं. माझा हात धरून ओरडली, “लेकीचं कपाळ पुसता? कोन तुमी? कुनाचं हाव?”

अक्का, नीट वाच. ‘तुमी’ म्हणाली. मला वाटलं रागानं म्हणतेय. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी ताट घेऊन गेलो तर पदर सावरून बसली आणि म्हणाली, “तुमाला त्रास झाला, पावनं.” तेव्हा समजलं.

त्याआधीही खुणा होत्या, मी बघितल्या नाहीत. दुधाखालचा गॅस सुरू राहायचा, अप्पा शेतातून आले का म्हणून विचारायची, एकदा मिठाचा डबा देवघरात सापडला. सोलापूरला डॉक्टरांना दाखवलं. विसरायचा आजार आहे, उलटा फिरणार नाही, म्हणाले. एप्रिलमध्ये न्हाणीत पडली, खुब्याला मार बसला, अकरा दिवस सोलापूरला दवाखान्यात होती. तुला मी तेव्हा सांगितलं की शेताच्या कामामुळं फोन घेता येत नाही. शिवप्रिया माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. ती म्हणत होती, कळवा, आत्ता कळवा.

मी का कळवलं नाही ते तुला माहीत आहे. अप्पा लिंगैक्य झाले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी पोचलीस. विमान चुकलं, पाऊस होता, मला आता सगळं पटतं. पण त्या दिवशी भरल्या घरात, सगळ्या पाहुण्यांसमोर मी तुला म्हणालो, ‘आता कशाला आलीस? अव्वाला मी बघायला समर्थ आहे, तुझी गरज नाही.’ तू बॅग उचललीस. मग यंत्र बसवायला जागा हवी होती तेव्हा तुझा फोन आला. मला इतका आनंद झाला की मी सगळा माळ देऊन टाकला असता. तू माणसं पाठवलीस, स्वतः आली नाहीस. माझं म्हणणं तू खरं धरलंस असं मी समजलो. आणि एकदा ‘मी बघायला समर्थ’ म्हटल्यावर अव्वा मला ओळखत नाही हे कुठल्या तोंडानं सांगू?

शेऱ्याच्या रकान्यात ‘विभूती’ एवढा एक शब्द लिहिला असता तरी काम झालं असतं. पण तू लगेच विचारलं असतंस, कुणी लावली, रोज का लावते, तू थांबवत का नाहीस. आणि मला सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून रोज ‘हो’ लिहीत गेलो.

तूच सांगितलं होतंस की पृथ्वी जेवढं ऊन घेते तेवढं सगळं परत देत नाही, चौरस मीटरला एक वॅटभर मागं राहतं. आपल्या देवघरातल्या लाल दिव्याएवढं. पण ते सगळ्या पृथ्वीवर रात्रंदिवस साठत राहतं, म्हणून समुद्र तापतात. तो एक वॅट शोधायला तुम्ही माणसं जन्म घालवता. मी बसून हिशोब केला. तुझ्या चार टक्क्यांचे नऊ वॅट होतात. तू एक शोधत होतीस आणि मी तुझ्या हातात नऊ खोटे दिले. ढोकीकडच्या लोकांनाही गुन्हेगार केलं. तुझी मेहनत मी मातीत घातली, याची मला लाज वाटते. पंधरा तारखेला तू उभी राहू नकोस.

मला एवढंच लिहायचं होतं, पण अजून एक राहिलं. फोनवर अव्वा तुला ‘ऊट आतेन?’ विचारते, तू ‘जेवले अव्वा’ म्हणतेस, आणि ती फोन माझ्याकडं देताना म्हणते, “माझ्या शिवाचा फोन व्हता.” ती तुला ओळखते, अक्का. घरात शिवप्रियाला ती नर्स समजते आणि मला पाहुणा. मी तिला न्हाऊ घालतो, वेणी घालतो, आणि ती लाजते, कारण परका पुरुष आहे ना मी. या घरात आपल्या दोघांपैकी एकाचंच नाव तिच्याकडं उरलंय आणि ते तुझं आहे. डॉक्टर म्हणाले, तेही जाईल. मी तुला येऊ नको म्हणालो होतो. आता ये म्हणतो.

तुझा अपराधी,
राजशेखर

---

बेंगळुरू
५ जानेवारी २०२६

चि. राजशेखर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. मी ते जिन्यात उभी राहून वाचलं, मग खाली उतरून आवारातल्या बाकावर बसून परत वाचलं. फोनवर मलाही हे नीट बोलता येणार नाही. तुझ्यासारखंच वहीच्या पानावर लिहितेय.

आधी कामाचं. पंधरा तारखेचं भाषण मी मागं घेतलं. साहेबांना सगळं लिहून दिलं, तुझी बाजू न सावरता आणि तुझ्यावर न ढकलता. या वर्षीच्या आकड्यांपुढं ‘काचेवर थर, वापरू नये’ अशी खूण घातली. उसाच्या पाचटाबद्दल लिहिलेली तीन पानं काढून टाकली. ढोकीच्या लोकांना तोंड दाखवायला तू मोकळा आहेस. पहिलं वर्ष चांगलं आहे, ते राहील. या वर्षीचंही रोज सातपासून आठपर्यंतचं ऊन स्वच्छ काचेतलं आहे, त्यावरून पुढं काही करता येईल. ते सावकाश बघू.

आता माझं. तू लिहिलंस, ‘आठच्या सुमाराला’. आठ वाजून दहा मिनिटं, राजू. पाचेक मिनिटं मागंपुढं. सूर्य चढतो तशी आलेखाची रेघ चढत जाते आणि रोज आठ दहाला ती एक पायरी खाली उतरते. मी हे मार्चपासून बघतेय. हवेतला धूर घड्याळ बघून रोज आठ दहाला येत नाही, हे कळायला एवढं शिकावं लागत नाही. मला दिसलं होतं. मी दिवसाची सरासरी काढली, सरासरीत पायरी बुजते, आणि बुजलेला आलेख मी सगळ्यांना दाखवत फिरले.

का, ते सांगते. मला जे सापडायला हवं होतं तेच सापडलं होतं, हे एक कारण. दुसरं कारण जास्त वाईट आहे. पायरी का पडते हे विचारायला मला तुला फोन करावा लागला असता आणि मोकळेपणानं विचारावं लागलं असतं, की राजू, सकाळी आठला आपल्या माळावर काय होतं रे? तुझ्याशी यंत्रापलीकडचं काही बोलायला मी घाबरत होते. तू त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललास त्याचा राग मी चार वर्षं जपून ठेवला. राग होता तोवर घरी न येण्याला कारण होतं.

एप्रिलमध्ये अकरा दिवस ती पायरी नव्हती. सात एप्रिल ते सतरा एप्रिल. ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्ण. त्या अकरा दिवसांवर मी पेन्सिलीनं गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, ‘वारा बदलला असावा.’ तुझं पत्र वाचून मी तो कागद शोधून काढला. अव्वा सोलापूरच्या दवाखान्यात पडून होती ते दिवस मी इथं बसून मोजले होते. तू मला कळवलं नाहीस असं म्हणतोस. मला कळलं होतं, मी विचारलं नाही.

तिला थांबवू नकोस. काच सातला पूस, नंतर अजिबात हात लावू नकोस. शेऱ्यात वेळ लिही आणि पुढं ‘अव्वा’ लिही, तेवढं पुरे. ज्या दिवशी ती जाणार नाही त्या दिवशीही लिही. शिवप्रियाला सांग, तिचं बरोबर होतं, आणि मी तिची माफी मागायला येतेय.

मी दहा तारखेला सकाळी सोलापूरला उतरते. महिन्याची रजा टाकली आहे, पुढं काय करायचं ते तिथं बसून ठरवू. तू स्टेशनवर येऊ नकोस, अव्वाजवळ थांब.

तिनं मला ओळखलं तर मला किती आनंद होईल हे तुला सांगायला नको, आणि तू दाराशी उभा राहून बघत असशील हेही मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगते. मी तिच्या शेजारी तुला बसवणार आहे. अव्वा, हा राजू, तुझा धाकटा, हा तुला न्हाऊ घालतो, असं रोज सांगणार आहे. ती विसरेल. दुसऱ्या दिवशी परत सांगेन. ती ‘पावनं’ म्हणाली तरी तू उठून जाऊ नकोस. आणि तिनं मलाही ओळखलं नाही, तर आपण दोघं पाहुणे म्हणून तिच्याजवळ राहू.

बेंगळुरूहून सोलापूर एका रात्रीचा रस्ता आहे. तेवढ्याला चार वर्षं लावणारी,
तुझी अक्का
शिवांजली